कंसपंथी आणि समासपंथी

संगणकाला हुकूम लिहून देणे हा ज्यांचा चरितार्थाचा व्यवसाय आहे, अशा गृहस्थांच्या सहवासात ज्यांना काही काळ काढावा लागला असेल, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल. वेतनवाढ, वरिष्ठांची मर्जी, कचेरीतला चहा आणि परदेशगमनाची संधी यांसारख्या जीवनमरणाच्या प्रश्नांवर अत्यंत समंजसपणे बोलणारी ही माणसे, पडद्याच्या डाव्या कडेस किती जागा कोरी सोडावी, ती कोणत्या कळीने सोडावी आणि सोडलेल्या त्या जागेला काही कायदेशीर अर्थ असावा की नसावा, एवढा विषय निघताच एकाएकी आवाज चढवतात, एकमेकांच्या शिक्षणाविषयी शंका घेऊ लागतात, आणि ज्याच्याशी कालपर्यंत एका डब्यातली भाजी वाटून खाल्ली त्याच्या हाताखाली काम करण्यापेक्षा राजीनामा दिलेला बरा, इथपर्यंत मजल मारतात. तिऱ्हाइताला हा प्रकार वेडगळपणाचा वाटतो. तो तसा आहेही. पण वेडगळपणालाही इतिहास असतो, आणि या वेडगळपणाचा इतिहास चांगला साठ वर्षांहून अधिक लांबीचा आहे.

वादाचे मूळ असे. संगणकाला आपण सांगतो की, खात्यात शिल्लक नसेल तर धनादेश परत पाठव, खातेदारास पत्र लिही आणि दंड आकार. आणि त्याखाली लिहितो की, दिवसाचा हिशेब बंद कर. आता यांपैकी पहिली तीन कामे शिल्लक नसेल तरच करावयाची आहेत आणि चौथे काम शिल्लक असो वा नसो करावयाचेच आहे, हे कोणत्याही कारकुनाला न सांगता समजते, कारण त्याला पोटाबरोबर अक्कलही असते. यंत्राला यांपैकी काहीच नसल्यामुळे, 'तर' या शब्दाचा अंमल कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे त्याला स्वच्छ दाखवून द्यावे लागते. ते दाखवण्याचे दोन मार्ग आहेत. शाळेत गणित सोडवताना साध्या कंसाच्या बाहेर जो नक्षीदार महिरपी कंस आपण घालत असू, तो या तीन हुकुमांच्या आधी उघडायचा आणि नंतर मिटवायचा, हा एक मार्ग. आणि ते तीन हुकूम डावीकडे अधिक समास सोडून, म्हणजे चार बोटे आत सरकवून लिहायचे व तेवढ्यावरून यंत्राने काय ते ओळखायचे, हा दुसरा. पहिल्या मार्गाच्या उपासकांना आपण कंसपंथी म्हणू, दुसऱ्यांना समासपंथी.

येथे वाचकाला असे वाटण्याचा संभव आहे की, कंसपंथी लोक आपल्या ओळी डाव्या कडेला चिकटवून एका रांगेत लिहीत असतील. तसे मुळीच नाही. मी आजवर असा एकही कंसपंथी पाहिला नाही की जो कंस घालून झाल्यावर आतील ओळी नेटकेपणाने आत सरकवीत नाही; उलट एखाद्या उमेदवाराने त्या सरकवल्या नाहीत तर त्याची संभावना रानटी म्हणून करण्यात कंसपंथी मंडळीच आघाडीवर असतात. म्हणजे समास दोघेही सोडतात. फरक इतकाच की, कंसपंथीयांच्या राज्यात समास हा माणसाच्या डोळ्यांसाठी असतो आणि कंस यंत्राच्या डोळ्यांसाठी. यंत्र समासाकडे ढुंकूनही पाहत नाही आणि माणूस, तो कितीही आव आणो, कंसांकडे पाहत नाही. आपल्याकडील जमिनीच्या हद्दीसारखाच हा प्रकार झाला. सरकारी दफ्तरात मोजणीचा नकाशा असतो आणि प्रत्यक्ष शेतात बांध असतो. गावातली माणसे पिढ्यानपिढ्या बांध पाहून नांगर वळवतात, न्यायालय मात्र नकाशा पाहून निकाल देते, आणि जोवर बांध व नकाशा एकमेकांशी जुळतात तोवर दोघांपैकी खरा कोणता, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. एकाच हद्दीच्या दोन नोंदी ठेवल्या की त्या कधीतरी जुळेनाशा होतात, एवढेच काय ते या सगळ्या वादाचे सार आहे, आणि ते उभय पक्षांना मान्य नाही.

कंसपंथाची वंशावळ मोठी खानदानी आहे. १९६० साली युरोप-अमेरिकेतील विद्वानांच्या मंडळाने जी अल्गोल नावाची भाषा प्रसिद्ध केली, तीत कंस नव्हते. प्रत्येक गटाच्या आरंभी 'बिगिन' आणि शेवटी 'एंड' असे पूर्ण शब्द लिहिण्याचा शिरस्ता होता. पण वारंवार शब्द लिहिण्याचा कंटाळा हा सर्व सुधारणांचा जनक असल्याने, केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ च्या सुमारास आपल्या बीसीपीएल या भाषेत त्यांच्या जागी डॉलरचे चिन्ह जोडलेला कंस आणला. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी त्या भाषेची काटछाट करून 'बी' बनवली, त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७२ च्या आसपास 'बी'ची 'सी' केली, आणि सीच्या दरबारात महिरपी कंसाला जे सिंहासन मिळाले ते जावा, जावास्क्रिप्ट आदी तिच्या असंख्य मांडलिकांनी निमूटपणे मान्य केले. मौज अशी की, त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस विर्थ यांनी पास्कल ही भाषा रचली, तीत हाच महिरपी कंस आहे, पण त्याचा अर्थ असा की, याच्या आत जे काही लिहिले आहे ते टिपण समजावे आणि यंत्राने त्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. एका राज्यात जो अंमलदार, तोच शेजारच्या राज्यात अदखलपात्र!

युरोपातील काही देशांत तर या अंमलदाराला प्रवेशच मिळेना. त्या काळी संगणकाच्या वर्णमालेत अक्षरांसाठी जागा फार थोड्या असत, आणि डेन्मार्क, नॉर्वे, जर्मनी यांसारख्या देशांना स्वतःची खास अक्षरे बसवण्यासाठी ज्या जागा मिळाल्या, त्या नेमक्या कंसांच्या होत्या. त्यामुळे अमेरिकेत जेथे उघडता महिरपी कंस दिसे तेथे डॅनिश पडद्यावर 'ए' आणि 'ई' एकमेकांना चिकटलेले एक जोडअक्षर आणि मिटत्या कंसाच्या जागी डोक्यावर वाटोळे घेतलेला 'ए' दिसत असे, आणि तेथील बिचारे लोक आपल्या मातृभाषेतील स्वरांना कंस समजून आज्ञावली वाचीत. या अडचणीवर १९८९ च्या सीच्या अमेरिकन प्रमाणात उपाय काढला तोही पाहण्यासारखा: ज्यांच्याजवळ कंस नसेल त्यांनी दोन प्रश्नचिन्हे आणि त्यापुढे 'पेक्षा लहान'चे चिन्ह काढावे, ते उघडता कंस मानण्यात येईल. ही सवलत किती लोकांनी घेतली ते परमेश्वर जाणे. सी++ च्या २०१७ सालच्या प्रमाणातून मात्र तिची उचलबांगडी झाली.

कंस एकदा स्वीकारला की वाद मिटावा, अशी भाबडी अपेक्षा असणाऱ्यांना मानवस्वभाव कळलेला नाही. उघडता कंस कोठे लिहावा? त्याच ओळीच्या शेवटी, की पुढच्या ओळीवर एकटाच? कर्निहान आणि रिची यांच्या सी भाषेवरील १९७८ च्या ग्रंथात तो ओळीच्या शेवटी असतो, पण कार्याच्या, म्हणजे नाव दिलेल्या हुकूमसमूहाच्या, आरंभी असला तर खालच्या ओळीवर. बर्कलीचे एरिक ऑलमन यांच्या नावाने चालणाऱ्या उपपंथात तो सदैव खालच्या ओळीवर एकटा उभा राहतो. आणि ग्नू नावाच्या मुक्त आज्ञावलींच्या संप्रदायात तो खालच्या ओळीवर तर असतोच, शिवाय स्वतःही दोन घरे आत सरकतो आणि त्याच्या आतील मजकूर आणखी दोन घरे आत जातो, असे मोठे मजेदार सोवळे आहे. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या प्रकल्पात येणाऱ्या लोकांसाठी जी नियमावली लिहिली आहे, तिच्या प्रारंभीच ग्नूच्या नियमांची छापील प्रत मिळवून ती न वाचता जाळून टाकण्याची शिफारस आहे. आणि कार्याच्या बाबतीत कंसाला वेगळी वागणूक का, या आक्षेपाला त्यांनी दोन कारणे दिली आहेत, त्यांपैकी पहिले असे की कर्निहान-रिची यांचे म्हणणे बरोबर आहे आणि दुसरेही तेच. वेदप्रामाण्यावर आमच्या मीमांसकांनी याहून बरीच पाने खर्ची घातली. निष्कर्ष मात्र फारसा निराळा नव्हता.

या उपपंथांच्या कटकटीला वैतागूनच की काय, गूगल कंपनीतून २००९ साली बाहेर पडलेल्या गो या भाषेत कंस आहेत, पण ते कोठे लिहावेत याचे स्वातंत्र्य नाही. उघडता कंस खालच्या ओळीवर नेला तर भाषांतरक, म्हणजे लिहिलेले हुकूम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी, आज्ञावलीच नाकारतो, आणि समासाची व्यवस्था पाहण्यासाठी एक स्वतंत्र सरकारी हत्यार नेमून दिलेले आहे, ते सर्वांच्या ओळी एकाच मापाने सरकवते. त्याची शैली कोणाच्याच खास आवडीची नाही, पण हत्यार मात्र प्रत्येकाला पसंत आहे. हुकूमशाहीचे एवढे बिनतक्रार उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आता समासपंथाकडे वळू. या पंथाचे आद्य प्रवर्तक पीटर लँडिन नावाचे इंग्रज गृहस्थ. १९६६ साली त्यांनी पुढील सातशे भाषांविषयी म्हणून एक निबंध लिहिला आणि त्यात समासाच्या नियमाला फुटबॉलमधील ऑफसाइडचे नाव दिले; एखादी ओळ आपल्या गटाच्या सीमारेषेच्या डावीकडे आली की ती खेळातून बाद, असा त्याचा आशय. १९७४ साली डोनाल्ड कनूथ यांनीही, आपण पुढेमागे लहान लहान भागांतच लिहू लागलो तर आरंभ-अंताच्या चिन्हांपेक्षा समासानेच काम भागेल, असा सावध अंदाज वर्तवला होता. ब्रिटनमधील ऑकम या भाषेने १९८३ साली प्रत्येक पायरीस दोन घरे आत, असा नियम सक्तीचा केला. तथापि हा सर्व विद्वानांचा मामला. पंथाचे भाग्य ज्या प्रसंगाने उजळले त्याची हकीकत अशी सांगतात.

१९७८ साली पोलंडमधील याब्वोन्ना येथील एका प्रासादात रॉबर्ट डेवार, पीटर किंग, जॅक श्वार्ट्झ आणि लाम्बर्ट मेर्टेन्स असे चार पंडित एका नव्या भाषेची घडण ठरवण्यास बसले होते. ही भाषा नवशिक्यांसाठी होती. पुढे अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेतून ती एबीसी या नावाने प्रसिद्ध झाली. पंडितांनी एकच उदाहरण निरनिराळ्या पद्धतींनी लिहून पाहिले आणि पंडितांच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे एकमत झाले नाही. तेव्हा आपल्या खोलीत असलेल्या डेवार यांच्या पत्नीस पाचारण करण्यात आले. पहिला नमुना समजावून सांगताच बाईंनी विचारले की, या ओळीत 'इतक्या वेळा करा' म्हणून जे लिहिले आहे, ते खालच्या ओळींना लागू आहे होय? मला वाटले त्याच ओळीपुरते! चौघेही चमकले. त्या ओळीच्या शेवटी एक अपूर्णविराम दिला असता तर हा गैरसमज झालाच नसता, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि तो अपूर्णविराम एबीसीत गेला. यंत्राला त्याची गरज नव्हती; समासावरून त्याला सगळे कळत होते. केवळ माणसाला, आणि त्यातही एका समजूतदार बाईला, आता खाली काहीतरी येत आहे एवढे सुचवण्यासाठी तो तेथे बसला. आज जगभरची लाखो माणसे तो रोज टंकतात, आणि विसरतात तेव्हा यंत्राची बोलणी खातात. पण ज्या माउलीमुळे तो आला तिचे नाव या हकीकतीत पुष्कळदा सांगितले जात नाही, नवऱ्याचे तेवढे सांगतात.

एबीसीवर काम केलेले खीडो फान रोस्सम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, वेळ कसा घालवावा या विवंचनेत, एक नवी भाषा लिहावयास घेतली. तीच पायथन. ती १९९१ साली लोकांपुढे आली आणि समास व अपूर्णविराम ही दोन्ही वतने तिने एबीसीकडून जशीच्या तशी घेतली. सुट्टीतला उद्योग म्हणून सुरू झालेली ही भाषा आज शाळेपासून संशोधनशाळेपर्यंत सर्वत्र शिकवली जाते, आणि त्यामुळे समासपंथ हा आता अल्पसंख्य राहिलेला नाही.

पण समासाचा विजय झाला म्हणावे, तर समास कशाने सोडावा, हा नवा खटला दाखल! एक पक्ष म्हणतो, टॅबची कळ एकदा दाबा. दुसरा म्हणतो, रिकाम्या घराची कळ चारदा दाबा. पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो आणि म्हणूनच हा खटला अत्यंत कडवट आहे, कारण ज्या दोन गोष्टी डोळ्याला सारख्याच दिसतात त्यांतील भेदावरच माणसे अधिक त्वेषाने भांडतात. पायथनच्या शिष्टाचारसंहितेत चार घरांचा पुरस्कार आहे, लिनक्सच्या नियमावलीत टॅब आणि तोही आठ घरांचा. आणि एकाच दस्तऐवजात दोहोंची संदिग्ध मिसळ करील त्याला पायथनची तिसरी आवृत्ती उभेही करीत नाही. अदृश्य वस्तूला अर्थ दिला की काय अनर्थ ओढवतो, याचे सर्वांत जुनाट उदाहरण मात्र पायथनचे नव्हे. १९७६ साली बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचे एक उपयुक्त हत्यार बनवले आणि त्यात कामाची प्रत्येक ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, घरे सोडून चालणार नाही, असा दंडक घातला. काही आठवड्यांतच हा नियम वाईट असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पण तोवर डझनभर लोक ते हत्यार वापरू लागले होते, त्यांतील बहुतेक स्नेही, आणि त्यांची गैरसोय कशाला करा, अशा भिडस्त विचाराने त्यांनी तो तसाच ठेवला. बारा मित्रांची भीड पडली, आणि तिचा दंड अर्धशतक झाले तरी सारे जग भरत आहे. डरहॅम विद्यापीठातील दोघा विनोदवीरांनी तर २००३ च्या एक एप्रिलला अशी भाषा प्रसिद्ध केली की, तीत रिकामे घर, टॅब आणि नवी ओळ एवढ्यांनाच अर्थ आहे आणि दिसणारी सर्व अक्षरे निरर्थक. तीत लिहिलेला ग्रंथ कोऱ्या कागदासारखा दिसतो. पेशवे दफ्तरातील मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याच्या नेमके उलट दृश्य परिचित असेल: तेथे अक्षरांना खळ नाही, एका शब्दाला लागून दुसरा शब्द आणि मोकळी जागा शोधूनही सापडत नाही.

असो. मघाशी जो बांध आणि नकाशा यांचा दाखला दिला, त्याचा निवाडा करण्याचा प्रसंग फेब्रुवारी २०१४ मध्ये खरोखरच आला. अ‍ॅपल कंपनीच्या फोनांत व संगणकांत, समोरचे संकेतस्थळ खरे की तोतया याची शहानिशा करणारा एक भाग सी भाषेत लिहिलेला होता. सीमध्ये अशी एक सूट आहे की, 'तर'च्या खाली एकच हुकूम असेल तर कंस घातला नाही तरी चालते. त्या भागात 'चूक आढळली तर' या ओळीखाली 'फेलकडे जा' अशा अर्थाची ओळ होती आणि तिच्याखाली, कशी कोण जाणे, तीच ओळ पुन्हा एकदा उमटली होती. दोन्ही ओळी समासात सारख्याच आत सरकलेल्या. वाचणाऱ्या माणसाला दोन्ही 'तर'च्या अंमलाखालील वाटाव्यात अशा. यंत्राने मात्र समास पाहिला नाही. कंस नसल्यामुळे पहिली ओळ तेवढी त्याने 'तर'ची धरली आणि दुसरी बिनशर्त अमलात आणली. परिणामी चूक आढळो वा न आढळो, स्वारी पुढील सर्व तपासण्या टाळून थेट 'फेल' नावाच्या मुक्कामी पोचे, आणि तोवर चुकीच्या रकान्यात शून्यच असल्यामुळे तेथून 'सर्व ठीक आहे' असा दाखला घेऊन बाहेर पडे. पहारेकऱ्याने नापासाच्या खोलीत जाऊन उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र आणावे, तसे हे झाले.

या घटनेनंतर दोन्ही पंथांनी आपलाच विजय झाल्याचे जाहीर केले. कंसपंथी म्हणाले, कंस घातले असते तर ही आपत्ती येती ना. समासपंथी म्हणाले, यंत्र समास मानत असते तर ती दुसरी ओळ निरुपद्रवी पुनरुक्ती ठरून जागच्या जागी पडून राहती. दोघांचेही बरोबर असल्यामुळे वाद सुटला नाही. परंतु २०१६ साली जीसीसी या सीच्या सुप्रसिद्ध भाषांतरकाच्या सहाव्या आवृत्तीत एक नवी ताकीद दाखल झाली: समास एक सांगत असेल आणि कंस दुसरेच, तर लेखकास तसे बजावावे. मोजणीचा कारकून नकाशा गुंडाळून बांध पाहण्यासाठी शेतात उतरला, त्याचा हा दिवस. माझ्या मते खटल्याचा निकाल त्या दिवशीच लागला. जाहीर तेवढा झालेला नाही. ज्या नोंदीवर माणूस विसंबतो तीच खरी नोंद मानणे भाग आहे, आणि माणूस समासावर विसंबतो.

या निकालाविरुद्ध अपिलाची कारणे आहेत, हे मी नाकारीत नाही. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवताना समास वाटेत सांडतो आणि मग कोणती ओळ कोणाच्या घरची हे ठरवताना जीव मेटाकुटीस येतो. कंस असते तर निदान ते गुमान बरोबर आले असते. याहून गंभीर कारण दृष्टिहीन लेखकांचे आहे. आज्ञावली ज्यांना डोळ्यांनी नव्हे तर कानांनी वाचावी लागते, त्यांना कंसाचा उच्चार ऐकू येतो, कोरी जागा कशी ऐकू यावी? एनव्हीडीए यासारखी वाचनसाधने समासाची खोली सुरांच्या चढउतारांनी ऐकवतात हे खरे. तथापि डोळ्याच्या साक्षीवर उभारलेला कायदा सर्वांना सारखाच सोयीचा आहे, असा दावा समासपंथीयांनी करू नये.

तेव्हा कंसपंथी बंधूंना विनंती एवढीच की, त्यांनी आपल्या भाषांत सुखाने नांदावे, ताकिदीची कळ मात्र चालू ठेवावी. आणि समासपंथी बंधूंनी टॅबचा एकदाचा त्याग करावा. ज्यांना अजूनही आशा असेल की पायथनचे मन पुढेमागे वळेल आणि तीत कंस येतील, त्यांच्यासाठी त्या भाषेत भविष्यकाळातील सुधारणा आगाऊ मागवण्याचे एक स्वतंत्र खाते आहे. तेथे कंसांची मागणी रीतसर नोंदवता येते, आणि उत्तरही तत्क्षणी मिळते: सुतराम शक्यता नाही.